उसाच्या पेशीतले संदेश वाहणारे एन्झाइम: कोल्हापुरात बसून ऑनलाइन डेटाबेस कसा उभा करायचा

पेशी संदेशवहनातल्या एन्झाइमांचा डेटाबेस करायचा म्हटलं की बहुतेकांच्या मनात आधी माणसाचे कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारे एन्झाइम, येतात. त्या वाटेला जाऊ नका. माणसाच्या जीनोममधल्या ५१८ प्रोटीन कायनेजांची यादी २००२ मध्येच प्रसिद्ध झाली. त्यानंतर त्यांच्या रचना, त्यांच्यावर चालणारी औषधं, फॉस्फेट लागण्याच्या जागा या सगळ्यांचे मोठमोठे डेटाबेस झाले आणि त्यांच्यामागे पगारी माणसं बसलेली आहेत. महाविद्यालयातल्या चार-सहा जणांनी त्यात भर घालायची म्हणजे नक्कल होते, आणि नक्कल कुणी वापरत नाही.

आपल्याकडे ऊस आहे. पाऊस लांबला की उसाच्या पानांची रंध्रं मिटायची की नाहीत, कांड्यात साखर साठवायची की वाढीला लावायची, लाल कुजीची बुरशी आत शिरली की काय करायचं, हे सगळं पेशी ठरवते आणि ते ठरवण्याचं काम कायनेज, लावलेलं फॉस्फेट काढणारे फॉस्फटेज, मेद तोडणारे लायपेज अशा एन्झाइमांमार्फत चालतं. याबद्दलची माहिती आज विखुरलेली आहे: थोडी ज्वारीवरच्या पेपरात, थोडी भाताच्या, बरीचशी प्रयोगशाळेतलं नेहमीचं रोपटं असलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या, आणि उसाची स्वतःची कुठल्या तरी पेपरला जोडलेल्या एक्सेल फाइलीत. ती एका जागी आणून प्रत्येक गोष्टीमागे पुरावा काय आहे ते लिहिलं, तर तो डेटाबेस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यापासून ऊस पैदासकारापर्यंत सगळ्यांच्या उपयोगाचा होईल.

पुढचं सगळं बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीचे एमएस्सीचे विद्यार्थी, त्यांचे एक-दोन शिक्षक आणि संगणकाची बाजू सांभाळणारं एखादं बीसीए-एमसीएचं पोर, एवढी मंडळी धरून लिहिलं आहे.

आधी हद्द आखा

"संदेशवहनात भाग घेणारे सगळे एन्झाइम" अशी हद्द धरली तर काम कधीच संपणार नाही. अ‍ॅराबिडॉप्सिससारख्या वीतभर रोपट्यात नुसते रिसेप्टरसारखे कायनेजच सहाशेच्या वर भरतात. पहिल्या आवृत्तीत चार कुटुंबं घ्या: एसएनआरके (१, २, ३ अशा तीन गटांचं कायनेज कुटुंब), कॅल्शियमवर चालणारे सीडीपीके, एमएपी कायनेज आणि पीपी२सी जातीचे फॉस्फटेज. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये पहिल्या तिघांची संख्या अनुक्रमे ३८, ३४ आणि २० आहे, पीपी२सी सत्तरहून जास्त. एवढा पसारा एका गटाला वाचून काढता येतो.

हीच चार का, तर उसाच्या दृष्टीने ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पाण्याचा ताण पडला की वनस्पतीचं संप्रेरक अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं, ते आपल्या रिसेप्टरला चिकटतं, तो रिसेप्टर ए गटातल्या पीपी२सीला दाबून धरतो, आणि फॉस्फटेजच्या तावडीतून सुटलेला एसएनआरके२ पुढची कामं सुरू करतो. रंध्रं मिटणं हे त्यातलंच एक. या साखळीचा हा दुवा २००९ मध्ये उलगडला. साखरेची आणि ऊर्जेची टंचाई ओळखणं हे एसएनआरके१ चं काम. सीडीपीके कॅल्शियमची लाट वाचतात, मग ती दुष्काळाने उठलेली असो की रोगाने.

नियम कागदावर लिहा, एका पानात. एन्झाइमचा उत्प्रेरक भाग पूर्ण असेल तर नोंद घ्यायची. अर्धवट तुकडा असेल तर वेगळ्या यादीत ठेवायचा. प्रथिनाच्या क्रमात, म्हणजे त्यातल्या अमिनो आम्लांच्या ओळीत, नेहमीची महत्त्वाची अमिनो आम्लं दिसत नसतील तर नोंद काढून टाकायची नाही, खूण करून ठेवायची. हा शेवटचा नियम मुद्दाम आहे. डब्ल्यूएनके नावाच्या कायनेजांमध्ये एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) धरणारं लायसिन हे अमिनो आम्ल नेहमीच्या जागी नसतंच, शेजारच्या दुसऱ्या जागेवरचं लायसिन ते काम करतं आणि एन्झाइम व्यवस्थित चालतं. "ठराविक जागी लायसिन नाही म्हणजे मृत कायनेज" असा नियम संगणकाला शिकवला तर तो जिवंत एन्झाइम मेलेल्यांत टाकेल. याउलट वनस्पतींतल्या अ‍ॅडेनिलिल सायक्लेजसारखे विषय, जिथे तज्ज्ञांचंच एकमत नाही, ते पहिल्या आवृत्तीत घेऊच नका.

क्रम गोळा करणं

इथे उसाचा खरा त्रास सुरू होतो. लागवडीतल्या उसात १०० ते १३० गुणसूत्रं असतात आणि जीनोमचा आकार सुमारे १,००० कोटी बेस-जोड्या आहे. ज्वारीचा जीनोम ७५ कोटींच्या आसपास आहे. फरक कशामुळे, तर उसात एकाच जनुकाच्या आठ-दहा किंवा जास्त प्रती असतात, काही सॅकॅरम ऑफिसिनॅरमकडून आलेल्या, काही रानटी सॅकॅरम स्पॉन्टेनियमकडून. आर५७० या वाणाचा सविस्तर जीनोम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला पाया तोच. सोबत ज्वारीचा जीनोम घ्या, तो २००९ पासून उपलब्ध आहे आणि उसाचा इतका जवळचा नातलग आहे की जनुकांचा क्रमसुद्धा बऱ्याच अंशी जुळतो.

कामाचा क्रम असा. दोन्ही पिकांच्या प्रथिनांच्या फाइली उतरवून घ्या. पीफॅम या प्रथिन-कुटुंबांच्या डेटाबेसमधून कायनेजचा पीएफ०००६९ आणि पीपी२सीचा पीएफ००४८१ हे नमुने घ्या आणि हमर प्रोग्रामने शोध चालवा. शोधाची किमान मर्यादा स्वतः ठरवू नका, पीफॅमने प्रत्येक कुटुंबासाठी जी ठरवून दिली आहे तीच वापरा. कायनेजच्या जाळ्यात हजारो मासे येतील, त्यातून आपली कुटुंबं बाकीच्या भागांवरून वेगळी करायची: सीडीपीकेला कायनेजच्या मागे कॅल्शियम धरणारे ईएफ-हँड असतात, एसएनआरके३ ला एनएएफ हा छोटा भाग असतो, एमएपी कायनेजच्या सक्रियकरण पट्ट्यात थ्रिओनिन-ग्लुटामेट-टायरोसिन किंवा थ्रिओनिन-अ‍ॅस्पार्टेट-टायरोसिन ही त्रिकुटं सापडतात. इंटरप्रोस्कॅन हे भाग एकाच फेरीत दाखवतो.

मग मॅफ्टने क्रम एकाखाली एक जुळवा आणि आयक्यू-ट्रीने वंशवृक्ष काढा. त्यात अ‍ॅराबिडॉप्सिस, भात आणि ज्वारीचे ओळखीचे एन्झाइम असलेच पाहिजेत. गट ठरवायचा तो झाडावरून. ब्लास्ट या साम्य शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये पहिल्या नंबरला कोण आलं यावरून ठरवलं की एसएनआरके२ च्या उपगटांत हमखास गोंधळ होतो.

हे गणित चालवायला महागडा सर्व्हर लागत नाही. १६ जीबी मेमरीचा साधा लिनक्स संगणक एवढ्या कुटुंबांना पुरतो. फक्त इंटरप्रोस्कॅनच्या फाइलींना जागा बरीच लागते, त्यासाठी डिस्क मोकळी ठेवा.

एक इशारा एक्सेलबद्दल. जनुकांची नावं एक्सेलमध्ये उघडली की तो काही नावांच्या परस्पर तारखा करून टाकतो. माणसाच्या एका युबिक्विटिन लायगेजचं नाव मार्च१ होतं. त्याचा "१ मार्च" होणं इतकं वाढलं की २०२० मध्ये नामकरण समितीने अशी नावंच बदलून टाकली. यादी पाहायची असेल तर रकाने मजकूर म्हणून आयात करा, नाहीतर एक्सेलला हात लावू नका.

एका नोंदीत काय बसवायचं

डेटाबेस टिकणार की कोसळणार हे इथे ठरतं. नवखा माणूस एक मोठा तक्ता करतो: एका ओळीत एक एन्झाइम आणि पुढे नाव, क्रम, काम, सब्सट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतो तो पदार्थ), संदर्भ असे रकाने. महिन्याभरात "काम" या रकान्यात स्वल्पविराम देऊन सात गोष्टी कोंबलेल्या असतात, "संदर्भ" मध्ये पाच पेपर असतात, आणि कुठला पेपर कुठल्या गोष्टीचा हे कुणालाच सांगता येत नाही.

माझं ठाम मत आहे की डेटाबेसचं मूळ एकक एन्झाइम धरू नये, विधान धरावं. "अमुक एन्झाइम तमुक प्रथिनाला फॉस्फेट लावतो, अमुक जागी, हे अमुक पेपरात अमुक प्रयोगाने दाखवलं" हे एक विधान. त्याला स्वतःची एक ओळ, स्वतःचा क्रमांक, पुराव्याची प्रत (पुरावा कुठल्या दर्जाचा ते), पेपर, नोंद करणाऱ्याचं नाव आणि तारीख. एन्झाइमचं पान म्हणजे त्याच्याबद्दलच्या विधानांची मांडणी.

तक्ते साधारण असे पडतील. पहिला गटाचा: ज्वारीतलं एक जनुक आणि त्याच्याशी जुळणाऱ्या उसातल्या सगळ्या प्रती मिळून एक गट. दुसरा प्रतींचा: कुठल्या गुणसूत्रावर, कुठल्या पूर्वजाकडून. तिसरा प्रथिनांच्या क्रमांचा. चौथा विधानांचा. पाचवा पेपरांचा. सहावा बदलांचा. उसाच्या दहा प्रतींतल्या आठ अगदी सारख्या दिसल्या तरी त्या गाळू नका. पानावर दाखवताना एकत्र दाखवा, तक्त्यात प्रत्येक वेगळी राहू द्या. पैदास करणाऱ्याला नेमका तोच फरक हवा असतो.

बदलांचा तक्ता सातबाऱ्याच्या फेरफारासारखा चालवा. जुनी नोंद खोडायची नाही. नवी नोंद कुणी, कधी, कशाच्या आधारावर घातली ते क्रमांकासह लिहायचं.

ओळख क्रमांकात काहीही अर्थ भरू नका. तीन अक्षरं आणि सहा आकडे, बस. कुटुंबाचं नाव किंवा ईसी क्रमांक (एन्झाइमांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक) त्यात घातला तर वर्गीकरण बदलताच क्रमांक खोटा पडतो. हे घडलेलं आहे: बऱ्याच प्रोटीन कायनेजांना वर्षानुवर्षं ईसी २.७.१.३७ हा एकच क्रमांक होता. २००५ मध्ये तो रद्द होऊन त्याची मुख्यतः २.७.११ या नव्या उपवर्गातल्या अनेक क्रमांकांत वाटणी झाली. आजही एसएनआरके१, एसएनआरके२ आणि बहुतेक सीडीपीके सगळे २.७.११.१ याच क्रमांकाखाली दिसतात. म्हणजे ईसी क्रमांक नोंदीत हवाच, पण एन्झाइम ओळखायला तो पुरत नाही.

पुराव्याची प्रत

पुराव्यासाठी स्वतःची चिन्हं शोधत बसू नका. जीन ऑन्टॉलॉजीचे पुरावा-कोड आणि त्यांच्यामागची ईसीओ ही शब्दसूची जगभर वापरात आहे, तीच घ्या. आपल्याला त्यातले पाच-सहा प्रकार पुरतात: प्रत्यक्ष एन्झाइम चाचणी, जनुक बिघडवून पाहिलेला परिणाम, दोन प्रथिनं एकमेकांना धरतात याचा पुरावा, क्रमातल्या साम्यावरून माणसाने काढलेला निष्कर्ष, आणि संगणकाने परस्पर लावलेला निष्कर्ष.

एक उदाहरण नीट पाहू, कारण सगळी खुबी त्यात आहे. सुक्रोज फॉस्फेट सिन्थेज हा साखर बनवण्याच्या वाटेवरचा मोक्याचा एन्झाइम. पालकाच्या पानात अंधार पडला की या एन्झाइमच्या १५८ व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट लागतं आणि त्याची कार्यक्षमता घटते, हे १९९० च्या दशकात दाखवलं गेलं. मक्यात त्याच्या जोडीची जागा १६२. पानातून वेगळे काढलेले जे कायनेज हे काम परीक्षानळीत करू शकले त्यांत एसएनआरके१ जातीचाही होता आणि कॅल्शियमवर चालणाराही.

आता उसासाठी नोंद कशी कराल? "उसाचा एसएनआरके१ सुक्रोज फॉस्फेट सिन्थेजला फॉस्फेट लावून बंद करतो" असं एका ओळीत लिहिणं सोपं आहे, आणि पुढच्या दहा वर्षांत दहा पेपर ती ओळ उचलतील. त्याऐवजी चार विधानं करा. एक, पालकात सेरीन १५८ ला फॉस्फेट लागतं: प्रत्यक्ष प्रयोग. दोन, त्याने कार्यक्षमता घटते: प्रत्यक्ष प्रयोग. तीन, एसएनआरके१ जातीचा कायनेज हे परीक्षानळीत करू शकतो: प्रत्यक्ष प्रयोग, पण पेशीबाहेर. चार, उसाच्या क्रमात जुळणाऱ्या जागी सेरीन आहे: साम्यावरून निष्कर्ष, आणि सोबत कुठल्या क्रमाशी जुळवून पाहिलं ते. यापुढे वाचणाऱ्याने काय समजायचं ते त्याचं तो ठरवेल. जागेला फॉस्फेट लागतं ही एक गोष्ट आणि ते कोण लावतं ही दुसरी. यांची सरमिसळ हाच अशा डेटाबेसांचा सर्वांत पसरलेला रोग आहे.

याच कारणासाठी परीक्षानळीतले सब्सट्रेट आणि पेशीतले सब्सट्रेट वेगळे ठेवा. सीडीपीकेची चाचणी बहुधा सिंटाइड-२ पेप्टाइडवर किंवा हिस्टोनवर करतात, एसएनआरके१ ची अमारा पेप्टाइडवर. ती फक्त चाचणीची सोय आहे. "सब्सट्रेट: हिस्टोन" असं एन्झाइमच्या पानावर सगळ्यांत वर झळकलं की वाचणारा फसतो. वेगाचे आकडे घेताना पीएच, तापमान आणि सीडीपीकेच्या बाबतीत कॅल्शियमचं प्रमाण सोबत नसेल तर आकडाच घेऊ नका.

जागेचे क्रमांक

याला वेगळा मथळा देतो आहे, कारण भलेभले इथे घसरतात. एसआरसी हा कायनेज घ्या. कोंबडीच्या एसआरसीत सक्रियकरणाचं टायरोसिन ४१६ व्या जागी आहे. माणसाच्या एसआरसीत तेच टायरोसिन ४१९ वर. सुरुवातीचं मेथिओनिन मोजलं नाही तर ४१८. तिन्ही आकडे पेपरांत सापडतात, आणि माणसाच्या पेशींवर काम करणारे लोकही कोंबडीचा ४१६ सर्रास लिहितात. प्रोटीन कायनेज ए मध्ये जे थ्रिओनिन १९७ म्हणून प्रसिद्ध आहे ते युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसच्या मोजणीने १९८. एबीएल१ मधलं औषधाला दाद न देणारं प्रसिद्ध म्यूटेशन ३१५ व्या जागी, पण त्याच प्रथिनाचा दुसरा, सुरुवातीला १९ अमिनो आम्लं जास्त असलेला प्रकार धरला तर तेच ३३४.

उसात एवढ्या प्रती असताना हा घोळ किती वाढेल याची कल्पना करा. उपाय सोपा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून लावा. जागा नोंदवताना चार गोष्टी एकत्र: कुठल्या क्रमाची कुठली आवृत्ती, जागेचा क्रमांक, अमिनो आम्ल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची सात-सात अक्षरं. पेपरातला मूळ आकडा वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवा. मग एक छोटा प्रोग्राम रोज रात्री सगळ्या जागा तपासेल: त्या क्रमात त्या आकड्यावर खरंच तेच अक्षर आहे का, आजूबाजूची पंधरा अक्षरं जुळतात का. न जुळलेल्यांची यादी सकाळी गटाच्या ईमेलवर. हा प्रोग्राम चाळीस ओळींचा होतो आणि त्याच्याइतका उपयोगी प्रोग्राम अख्ख्या प्रकल्पात दुसरा नसतो.

पेपर वाचून नोंद करणं

वेळ खाणारं काम हेच. सारांश वाचून नोंद करू नका, आकृती पाहा. प्रत्येक पेपर दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, दोघांच्या नोंदी प्रोग्रामने शेजारी मांडायच्या, आणि जिथे पटत नाही तिथे तिसऱ्याने मूळ पेपर उघडून निकाल द्यायचा. नव्या मुलांना सुरुवातीला असे प्रश्न पडतातच:

"सर, पेपरात 'रेग्युलेट करतो' असं लिहिलंय. मी 'फॉस्फोरिलेट करतो' असं टाकू का? कायनेजच आहे ना तो?"

"नको गं. आकृती तीन बघ. त्यात फॉस्फेट मोजलाय का?"

"नाही. फक्त जनुक बंद केल्यावर दुसऱ्याचं प्रमाण कमी झालंय."

"मग तेवढंच लिही. जनुक बिघडवून पाहिलेला परिणाम, दिशा कमी. बाकीचं पेपरने म्हटलेलं नाही, आपण त्याच्या तोंडी घालायचं नाही."

अशा प्रत्येक निकालाची एक ओळ नियमावलीत वाढवत जा. काही महिन्यांनी ती नियमावली हेच गटाचं खरं भांडवल होतं. पुढच्या वर्षीची तुकडी आली की तिला हातात द्यायला तयार.

पेपरात ऊस कुठला, किती दिवसांचा, कुठलं कांडं किंवा पान घेतलं हे लिहिलेलं असतं. ते प्लँट ऑन्टॉलॉजीच्या संज्ञांत बसवा, पण आपल्याकडच्या वाचकासाठी हंगामही टाका. १६ ते १८ महिन्यांच्या आडसालीचं कांडं आणि १२ महिन्यांच्या सुरूचं कांडं साखरेच्या दृष्टीने एक नाही, आणि खोडवा तर आणखी वेगळा. वाणांची नावं लिहिताना को ८६०३२ सारखा अधिकृत क्रमांक एका ठराविक पद्धतीने लिहा, नाहीतर शोधताना तोच वाण तीन स्पेलिंगांत निघेल. शंका आली तर कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. नोंदी जाहीर करण्याआधी पिकाची बाजू तिथल्या जाणकारांकडून तपासून घ्या.

कुणाचं काय घ्यायचं, कुठल्या अटीवर

दुसऱ्या डेटाबेसातून माहिती उचलण्याआधी परवाना वाचा. युनिप्रॉटची आणि संगणकाने वर्तवलेल्या प्रथिन-रचना देणाऱ्या अल्फाफोल्डची माहिती श्रेय देऊन वापरता येते, प्रोटीन डेटा बँकेची आणि इंटरप्रोची मोकळी आहे. केग या पेशीतल्या मार्गांच्या डेटाबेसची मात्र घाऊक उतरवून घ्यायला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे त्यांच्या मार्गांचे नकाशे आपल्या साइटवर चिकटवू नका, दुवा द्या. अल्फाफोल्डच्या रचना दाखवताना विश्वासाचा आकडाही दाखवा: ९० च्या वर उत्तम, ५० च्या खाली असेल तर तो भाग बहुधा आकारहीनच आहे. सीडीपीकेची सुरुवातीची शेपटी बऱ्याचदा अशीच दिसते.

तुम्ही स्वतः क्रम काढलेत तर ते फक्त आपल्या साइटवर ठेवू नका. फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ते जमा करा आणि तिथला क्रमांक आपल्या नोंदीत लावा.

सॉफ्टवेअर

यावर जास्त वेळ घालवू नका. काही हजार ओळींच्या डेटाबेसला कुठलंही चांगलं साधन चालतं. मी पोस्टग्रेस आणि जँगो सुचवतो आणि कारण एकच: जँगोबरोबर नोंदी भरायचा आतला भाग आयता मिळतो. विद्यार्थ्यांना लगेच फॉर्म मिळतो, कुणी काय बदललं त्याची नोंद राहते, आणि संगणकवाल्याचे दोन महिने वाचतात. पुराव्याची प्रत, अमिनो आम्ल, ऊतक हे रकाने निवडीचे ठेवा, हाताने लिहायचे नकोत. पेपर नसलेलं विधान डेटाबेसनेच नाकारलं पाहिजे. तो नियम पोस्टग्रेसमध्येच घाला, फॉर्मवर विसंबू नका.

क्रम टाकून शोधायची सोय लोकांना हवी असते. त्यासाठी सीक्वेन्ससर्व्हर हे तयार साधन बसवा, फक्त एका वेळी किती लांबीचा आणि किती क्रम घ्यायचे याला मर्यादा घाला. वापरणाऱ्याने शोधखिडकीत टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत जोडू नका.

एन्झाइमच्या पानावर सगळ्यात वर थोडक्यात ओळख, मग विधानं पुराव्याच्या क्रमाने, प्रत्यक्ष प्रयोग आधी आणि संगणकाचे निष्कर्ष शेवटी फिकट रंगात. त्याखाली क्रम, रचना, उसातल्या प्रती. प्रत्येक पानाचा पत्ता कायमचा. सगळी माहिती एका बटणावर सीएसव्ही आणि फास्टा स्वरूपात उतरवता यावी, आणि प्रोग्रामने मागणाऱ्यांसाठी जेसनमध्येही. लॉगिन ठेवू नका. न्यूक्लिक अ‍ॅसिड्स रिसर्चच्या जानेवारीतल्या डेटाबेस अंकात लेख पाठवायचा विचार असेल तर लॉगिनशिवाय मोफत प्रवेश ही त्यांची अटच आहे. मोबाइलवर पान नीट उघडतं का ते जरूर पाहा. आपल्याकडचे निम्मे विद्यार्थी त्यावरच बघणार.

शोधखिडकीत मराठी शब्दही चालू द्या. लाल कूज, पाण्याचा ताण, खोडवा असे शंभरेक शब्द इंग्रजी संज्ञांना जोडले की काम होतं. कृषी महाविद्यालयातला मुलगा त्याने आत शिरेल.

कुठे ठेवायचा

प्रयोगशाळेतल्या डेस्कटॉपवर ठेवू नका. वीज गेली, कुणी प्लग काढला, उन्हाळी सुट्टी लागली की साइट बंद. विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या संगणक केंद्रात एक व्हर्च्युअल मशीन आणि संस्थेच्या डोमेनखाली पत्ता मिळाला तर उत्तम, नाहीतर भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर घ्या. दोन कोर आणि चार जीबी मेमरी पुरते, ब्लास्टसहित.

रोज रात्री डेटाबेसची प्रत निघाली पाहिजे आणि तिची एक जोडप्रत शहराबाहेर गेली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्यात होता आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. कोल्हापुरात प्रत शेजारच्या इमारतीत ठेवणं म्हणजे प्रत न ठेवण्यासारखंच आहे. आणि दर तिमाहीला त्या प्रतीवरून रिकाम्या मशीनवर डेटाबेस परत उभा करून पाहा. उघडून न पाहिलेली प्रत चालते की नाही हे गरज पडेपर्यंत कळत नाही.

आवृत्त्या आणि पुढच्यांच्या हाती देणं

माहिती रोज बदलू द्या, पण लोकांसमोर ती ठराविक काळाने आवृत्ती म्हणून आणा, वर्षातून दोनदा पुरे. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आणि तारीख, काय वाढलं आणि काय दुरुस्त झालं याची यादी, आणि संपूर्ण माहिती झेनोडो या सार्वजनिक संशोधन-भांडारावर. तिथे फुकटात डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. म्हणजे कुणी २०२७ मधली आवृत्ती वापरून पेपर लिहिला तर २०३५ मध्येही ती तशीच सापडेल. युनिप्रॉटची नवी आवृत्ती साधारण दर आठ आठवड्यांनी येते, त्यात काही नोंदी एकत्र होतात, काही बाद होतात. आपले दुवे तपासणारा प्रोग्राम त्याच सुमाराला चालवा. आपली एखादी नोंद चुकीची ठरली तर तिचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, त्या पत्त्यावर "ही नोंद रद्द, कारण अमुक, आता तमुक पाहा" असं पान राहू द्या.

विद्यार्थी दोन वर्षांनी जाणार हे गृहीत धरूनच सगळं बांधा. डोमेनचं नूतनीकरण विभागाच्या ईमेलवर असावं, कुणा एका मुलाच्या जीमेलवर नको. पासवर्ड विभागाच्या तिजोरीत, कोड सार्वजनिक गिटहबवर, सर्व्हर पुन्हा उभा करायच्या सूचना मराठीत आणि इंग्रजीत, आणि त्या सूचना वाचून नव्या तुकडीतल्या कुणीतरी सर्व्हर एकदा स्वतः उभा करून दाखवायचा. जुनी तुकडी कोल्हापुरात असतानाच. शिवाय एक सोय आधीच करून ठेवा: निधी आणि माणसं दोन्ही संपली तर अख्खी साइट साध्या एचटीएमएल पानांत उतरवणारी एक आज्ञा. शोध आणि ब्लास्ट बंद पडतील, पण प्रत्येक एन्झाइमचं पान, त्याच्या विधानांसकट आणि पुराव्यांसकट, त्याच पत्त्यावर फुकटच्या होस्टिंगवर चालू राहील.